काळा कडप्पा की काळा ग्रॅनाइट? ओटा बदलण्याआधी एवढं बघा

जुना ओटा काढून नवा टाकायचं ठरलं की मिस्त्री विचारतो, "काळाच टाकायचा ना?" आपण मान डोलावतो आणि घोळ तिथेच होतो. लातूर, नांदेड, परभणी, कुठल्याही दुकानात जा, दोन काळे दगड शेजारी शेजारी उभे असतात. एक कडप्पा, दुसरा ग्रॅनाइट. तेल चोळून चकचकीत केलेला कडप्पा चार पावलांवरून ग्रॅनाइटच वाटतो. भावात मात्र चांगलाच फरक असतो.

कडप्पा हा चुनखडक. आंध्रातल्या कडप्पा भागातून येतो. गाळाचे थर एकावर एक बसून तयार झालेला, म्हणून खाणीत तो थरांवरच सुटतो. कलबुर्गी जिल्ह्यातली शहाबादी फरशीही याच जातीची, फक्त रंगाने करडी. आपल्याकडच्या जुन्या घरांत ओट्यावर बहुतेक या दोघींपैकीच एक सापडते. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे वेरूळची लेणी ज्यात कोरली त्या आपल्या बेसाल्टच्याच घराण्यातला. बेसाल्टचा लाव्हा वर येऊन भराभर थंड झाला, हा जमिनीच्या पोटात सावकाश निवला, म्हणून याचे कण मोठे आणि चमकदार. सोनेरी ठिपक्यांचा 'ब्लॅक गॅलेक्सी' आंध्रातल्या चीमकुर्तीचा, तोही असाच.

खरा फरक कळतो तो सिंकजवळ. मराठवाड्यात बोअरचं पाणी जड. नळाभोवती महिन्या-दोन महिन्यांत पांढरी खरवड धरते. ती निघेना की कुणीतरी बाथरूममधली ॲसिडची बाटली आणतं. ही खरवड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि कडप्पाही मुख्यतः तेच. ॲसिडला दोन्ही सारखेच! खरवड जाते, पण तिच्याबरोबर दगडाचं पॉलिशही जातं. जागा करडी, खरबरीत होते. खरबरीत जागेवर क्षार आणखी लवकर धरतात, मग पुन्हा ॲसिड. काही वर्षांनी तिथे खळगाच पडतो आणि भांडी घासल्यावर पाणी त्यात साचून राहतं. लिंबू, चिंचेचा कोळ, ताक यांनीही हेच होतं, फक्त हळू. सांडलेलं सार रात्रभर राहिलं तर सकाळी पातेल्याच्या बुडाचा गोल डाग उमटलेला दिसतो. तो पुसून जात नाही, कारण तो वर चिकटलेला नसतो, तिथलं पॉलिशच उतरलेलं असतं.

ग्रॅनाइटला लिंबू-चिंचेचं काही वाटत नाही. खरवड पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने पुसली तर निघते, दगड तसाच राहतो. बाथरूमचं ॲसिड मात्र ग्रॅनाइटलाही लावू नका. दगडापेक्षा सांध्यांतलं सिमेंट आणि स्टीलचं सिंक आधी खराब होतं.

दुकानात ओळखायचं कसं? पॉलिशच्या बाजूने बघूच नका, तुटलेली कड बघा. ग्रॅनाइटमध्ये साखरेसारखे कण चमकतात. कडप्प्यात कण दिसतच नाहीत, थर दिसतात. एक तुकडा मागून घ्या आणि लोखंडी खिळा ओढा. कडप्प्यावर पांढरा ओरखडा उठतो. ग्रॅनाइटवर फार तर लोखंडाची करडी रेघ राहते, बोटाने चोळली की जाते. मग तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून चहा प्या. पुसल्यावर जागा निस्तेज दिसली तर तो कडप्पा. काही हलके ग्रॅनाइट रंग देऊन काळे केलेले असतात. त्यांना नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस घासा, कापूस काळा झाला तर पुढच्या दुकानात चला.

कडप्पा वाईट आहे असं मात्र अजिबात नाही. ओट्याखालचे उभे आधार आणि डब्यांचे कप्पे यांना कडप्पाच लावावा, तिथे ग्रॅनाइट घालणं म्हणजे पैसे उधळणं. बहुतेक मिस्त्री काम असंच करतात. म्हणूनच अंदाजपत्रकात नुसतं 'काळा दगड, इतके फूट' लिहिलेलं चालवून घेऊ नका. वर कोणता, खाली कोणता, जाडी किती, हे वेगवेगळं लिहून घ्या.

हल्ली क्वार्ट्झचाही आग्रह होतो. तो दगडाचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या चिकट पदार्थात, बसवून कारखान्यात केलेला असतो. डाग कमी धरतो, पण गॅसवरून उतरवलेली तापलेली कढई थेट ठेवली तर रेझिन करपतं. भाकरीचा तवा उतरवून ओट्यावरच टेकवायची सवय असेल तर ग्रॅनाइट बरा. क्वार्ट्झ कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका (वाळूतलं मुख्य खनिज) असते, तिने कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून असल्या कृत्रिम दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असू शकते, तेव्हा सिंकची जागा कापायची तर पाणी सोडत, घराबाहेर कापायला सांगा.

आणि जुना कडप्पा घण घालून फोडू देऊ नका. सांधे मोकळे करून अखंड निघाला तर त्याचेच खालचे कप्पे होतात, तेवढा नवा दगड वाचतो.