समीकरणं आधी, जीवाणू नंतर

पाण्यात शाईचा थेंब टाकला की रंग पसरत जातो आणि सगळीकडे सारखा होतो. विसरणाचं काम भेद पुसण्याचं, असंच कुणीही म्हणेल. मँचेस्टर विद्यापीठातले गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ साली नेमकं उलट मांडलं: एकमेकांवर क्रिया करणारी दोन रसायनं वेगवेगळ्या वेगाने पसरत असतील, तर एकजीव मिश्रणातूनही आपोआप ठिपके आणि पट्टे उमटू शकतात.

यातली मेख १९७२ मध्ये जर्मनीतल्या गीरर आणि माइनहार्ट यांनी उलगडली. एक रसायन स्वतःलाच वाढवतं, पण जवळपास रेंगाळतं. दुसरं त्याला आवरतं आणि दूरवर पोचतं. अडचण या 'दूरवर'मध्येच आहे. रसायनशास्त्रज्ञांना हे प्रत्यक्षात साधायला १९९० उजाडलं. तेव्हाही फ्रान्समधल्या बोर्दोच्या प्रयोगात स्वतःला वाढवणाऱ्या रसायनाला, म्हणजे आयोडाइडला, स्टार्चने अडकवून त्याचा वेग कमी केला म्हणून जमलं. शाळेत आयोडिन टाकून निळा करून दाखवतात तोच हा स्टार्च.

जीवाणूंकडे पसरणाऱ्या रेणूंतून एकमेकांना निरोप धाडायची सोय आयती होती. समुद्रात चमकणारा व्हिब्रिओ फिशेरी आपली गर्दी किती झाली हे प्रत्येकाने सोडलेल्या एएचएल या रेणूवरून ओळखतो. २००५ मध्ये प्रिन्स्टनच्या रॉन वाइस यांच्या गटाने तीच यंत्रणा ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूमध्ये बसवली. एएचएल ना फार, ना कमी, अशा पट्ट्यातच या पेशी चमकत. मधोमध निरोप धाडणाऱ्या पेशी ठेवल्या की भोवती कडं उमटायचं. देखणं खरं, पण ट्युरिंगचं नव्हे. कडं कुठे पडणार हे माणसानेच ठरवलेलं.

मला २०११ चा हाँगकाँगचा प्रयोग जास्त आवडतो. तिथे गर्दी वाढली की एएचएल साचतं, सरळ पोहायला लागणारं 'चे-झेड' हे जनुक दबतं आणि पोहणारा जीवाणू जागच्या जागी गिरक्या घेत अडकतो. वसाहत बाहेर सरकते तसे एकामागून एक पट्टे पडत जातात. पेशींची घनता, एएचएल आणि अन्न, एवढ्यावर गणिती प्रारूप उभं राहिलं. एका जनुकाची पातळी कमी-जास्त केली की पट्ट्यांची संख्याही बदलायची.

खऱ्या ट्युरिंग नक्षीला मात्र वेगाची अट आडवी येत राहिली. त्यासाठी जीवाणूंत वापरायचे निरोपाचे दोन रेणू एएचएलच्या एकाच घराण्यातले. मग एक दुसऱ्याच्या कितीतरी पट वेगाने पसरणार कसा? २०१८ मध्ये वाइस आणि नायजेल गोल्डनफेल्ड यांच्या गटांनी जीवाणूंच्या थरात लाल-हिरवे ठिपके मिळवले, पण ते ओबडधोबड, अनियमित होते. खुलासा पेशींतल्या गोंधळात सापडला. जनुकांचं उत्पादन एकसंथ नसतं, ते झटक्याझटक्याने होतं. हे हेलकावे समीकरणांत धरले की वेगातला फरक कमी असूनही नक्षी निघते. ट्युरिंग यांनी अशा हेलकाव्यांकडे नक्षीला पहिला धक्का देण्यापुरतं काम सोपवलं होतं. इथे तेच तिला धरून ठेवत होते.