क्रीडा विकास आणि व्यवस्थापन (विद्यापीठातला अभ्यासक्रम)

बोलताना सगळे ज्याला नुसतं स्पोर्ट्स मॅनेजमेंट म्हणतात तो हा विद्यापीठातला विषय. मैदान कोणाला कधी द्यायचं, स्पर्धेचा पैसा कुठून उभा करायचा, संघटनेची घटना कशी असावी, गावातल्या मुली खेळायला येतात का आणि आल्या तर टिकतात का, स्टेडियमचं लाइटबिल कोण भरणार, हे सगळं यात येतं. गोव्यात कोणी म्हटलं की पोरगा स्पोर्ट्सचं शिकतोय, तर लोकांच्या डोळ्यासमोर लगेच पीटीचे सर येतात, पण तो रस्ता बीपीएड-एमपीएडचा, त्यातून शाळा-कॉलेजातले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार होतात. कोचिंगचा रस्ता आणखी वेगळा, १९६१ साली पतियाळाला सुरू झालेल्या एनआयएस म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा. आणि हा तिसरा, ज्यातला माणूस मॅचच्या दिवशी मैदानावर फारसा दिसतच नाही कारण त्याचं काम तीन महिने आधी सुरू झालेलं असतं.

नावात विकास आणि व्यवस्थापन असे दोन शब्द आहेत आणि दोन्हींचा पिंड वेगळा आहे. व्यवस्थापन म्हणजे हिशोब, करार, स्पॉन्सर, तिकिटं, मैदानाची देखभाल, माणसं कामाला लावणं. विकास म्हणजे जास्त लोकांनी खेळावं, चांगलं खेळावं आणि जास्त वर्षं खेळावं यासाठी काय करायला हवं ते. त्यातही पुन्हा दोन भाग करून शिकवतात, एक खेळाचा विकास आणि दुसरा खेळातून विकास. पहिल्यात फुटबॉल वाढला पाहिजे, दुसऱ्यात फुटबॉल हे नुसतं साधन, खरं काम पोरांना शाळेत टिकवायचं किंवा मुलींना घराबाहेर मोकळं फिरता यायचं. मुंबईतली मॅजिक बस ही संस्था १९९९ पासून याच दुसऱ्या वाटेवर काम करते, आणि युनोने ६ एप्रिल हा विकास आणि शांतीसाठी खेळाचा दिवस म्हणून ठरवलाय तोही याच विचारातून.

विकासाच्या भागात एक पिरॅमिड सगळीकडे शिकवतात. तळाला पाया म्हणजे लहानपणी धावणं, फेकणं, पकडणं. त्यावर सहभाग म्हणजे हौसेने खेळणं. त्यावर कामगिरी म्हणजे क्लब, जिल्हा, राज्य. आणि टोकाला उच्च दर्जा. कागदावर हे फार नीट दिसतं पण गावात जाऊन बघितलं तर पिरॅमिडला मधेच भोकं पडलेली असतात. गोव्यातल्या सत्तरी किंवा डिचोली तालुक्यातल्या एखाद्या शाळेत सहावीच्या वर्गात दहा मुली फुटबॉल खेळतात, नववीपर्यंत दोन राहतात. का? संध्याकाळी सहानंतर घरी यायला बस नाही, मैदानावर बाथरूम नाही, कपडे बदलायला जागा नाही, घरी पाणी भरायचं असतं, ट्यूशन असते. यातलं एकही कारण फुटबॉलचं नाही बघा, आणि तरी फुटबॉल सुटतो. क्रीडा विकास शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी हेच शिकवलं जातं की खेळाडू का गळतो हे मैदानाबाहेर जाऊन शोधायचं, आणि माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमात हा सगळ्यात मोलाचा धडा आहे.

विषयाचा जन्म अमेरिकेतला. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल क्लबचे मालक वॉल्टर ओमॅली यांनी १९५७ साली जेम्स मेसन या प्राध्यापकांना लिहिलं की क्लब आणि स्टेडियम चालवायला शिकलेली माणसं विद्यापीठांनी तयार करायला हवीत, आणि त्यातून १९६६ साली ओहायो विद्यापीठात स्पोर्ट्स अॅडमिनिस्ट्रेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. सुरुवात अशी धंद्याच्या गरजेतून. युरोपात मात्र सरकार आणि नगरपालिकांच्या बाजूने हा विषय वाढला, १९७५ च्या युरोपियन सनदेत खेळ सर्वांसाठी हे तत्त्व आलं, १९७८ साली युनेस्कोने शारीरिक शिक्षण आणि खेळ हा सगळ्यांचा हक्क असल्याचं जाहीर केलं, आणि नगरपालिकांच्या स्पोर्ट्स सेंटरना माणसं लागायला लागली. म्हणून आजही अमेरिकेत हा विषय बऱ्याचदा बिझनेस म्हणून शिकवतात आणि ब्रिटनमध्ये विकास आणि व्यवस्थापन असं जोडनाव लावतात. तिकडे तीन वर्षांची डिग्री असते आणि बऱ्याच ठिकाणी मधे एक अख्खं वर्ष प्लेसमेंटचं, म्हणजे एखाद्या क्लबात, फेडरेशनमध्ये किंवा कौन्सिलमध्ये जाऊन काम करायचं आणि मग शेवटच्या वर्षाला परत यायचं.

शिकायचे विषय ढोबळमानाने सगळीकडे तेच. खेळाचं समाजशास्त्र, धोरण, कायदा, मार्केटिंग, फायनान्स, इव्हेंट, सुविधांची देखभाल, स्वयंसेवक सांभाळणं, लहान मुलांची आणि महिला खेळाडूंची सुरक्षितता, डोपिंगचे नियम, आणि रिसर्च मेथड्स ज्याला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात. आपल्याकडे कायद्याचा पेपर आता एकदम जड झालाय कारण २०१८ ला मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा, २०२२ ला डोपिंगविरोधी कायदा आणि २०२५ ला राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा असं एकामागून एक आलं. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे समाजासाठी करायच्या खर्चात, ग्रामीण, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणावर केलेला खर्च धरता येतो हे २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे, आणि हे एवढं एक कलम माहीत असलं तरी गावातल्या क्लबाला कंपनीकडे अर्ज कसा करायचा ते कळतं.

गोव्यात हा विषय शिकायला लागलात तर उदाहरणांसाठी पुस्तक उघडायची गरजच नाही इतकं इथे घडून गेलंय. फुटबॉल हा राज्याचा अधिकृत खेळ, गोवा फुटबॉल असोसिएशन १९५९ पासूनची म्हणजे गोवा मुक्तीच्याही आधीची. धेंपो क्लबने पाच वेळा देशाचं लीग जिंकलं, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांनीही जिंकलं. या क्लबांच्या मागे गोव्यातली बडी उद्योग घराणी, त्यात धेंपो आणि साळगावकर मूळचे खाणवाले. आता फायनान्सच्या वर्गात प्रश्न असा येतो की क्लबाचा पैसा तिकिटातून येतो, टीव्हीतून येतो की मालकाच्या खिशातून, आणि खिशातून येत असेल तर मालकाचं मन बदललं तेव्हा क्लबाचं काय होणार. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. पुढे २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग ही देशाची जुनी लीग सोडली, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग या नव्या लीगला वरचं स्थान द्यायच्या भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या आराखड्याला विरोध म्हणून. एका वर्षात गोव्याचे तीन क्लब देशाच्या लीगमधून बाहेर, आणि त्यांचे जुने पाठीराखे, जे वर्षानुवर्षं मडगावच्या फातोर्डा स्टेडियमच्या त्याच पायरीवर बसायचे, त्यांना विचारायला कोणी गेलं नाही. मला हे आजही लागतं. क्लब कागदोपत्री मालकाचा असेल, पण ज्यांनी आयुष्यभर त्याच्या नावाने घसा कोरडा केला त्यांचा त्यात वाटा किती, जर्मनीत सभासदांकडे बहुमताचे हक्क ठेवण्याचा नियम का आहे, हे या विषयात नीट शिकवतात आणि शिकवायलाच हवं.

संघटना कशी चालते याचं उदाहरण २०२२ चं. त्या ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय फुटबॉल फेडरेशनला निलंबित केलं, कारण दिलं बाहेरच्यांचा हस्तक्षेप, आणि ऑक्टोबरात मुलींचा १७ वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात होता, त्यातल्या मॅचेस फातोर्ड्याला. पंधरवड्याच्या आत निलंबन उठलं आणि स्पर्धा झाली, पण ते दिवस आठवा, पोरी सराव करतायत आणि स्पर्धा होणार की नाही हे मोठ्या माणसांच्या कागदांवर अडकलेलं. निवडणूक वेळेवर घेणं, घटना पाळणं, हिशोब तपासून घेणं या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात खऱ्या, पण चुकल्या की भोगतो तो खेळाडू.

इव्हेंट मॅनेजमेंटसाठी तर करोनातला आयएसएल. २०२०-२१ चा अख्खा सीझन गोव्यात, फातोर्डा, बांबोळीचं जीएमसी अॅथलेटिक स्टेडियम आणि वास्कोचं टिळक मैदान या तीनच मैदानांवर, ११ टीम, ११५ मॅचेस, प्रेक्षक एकही नाही. टीम हॉटेलात कोंडलेल्या, बसचा ड्रायव्हर सुद्धा बबलमध्ये म्हणजे बाहेरच्या कोणाशी संपर्क नाही, गवताला विश्रांती द्यायची म्हणून मॅचेसचं वेळापत्रक मैदानं आलटून पालटून लावायचं. टीव्हीवर आपल्याला नुसता खेळ दिसला, पण त्याच्या मागे स्वयंपाकी, टेस्ट करणारे, धोबी, ग्राउंड्समन अशी केवढी माणसं होती, आणि त्यांची साखळी कुठे तुटली असती तर काय झालं असतं हा परीक्षेचा प्रश्न होऊ शकतो. २०१९ पासून पणजीजवळ मिरामारला होणारी आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत हा वेगळाच प्रकार, तिथे १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं, म्हणजे मैदान हे मुळात रस्ता आणि समुद्रच आहे, आणि पणजीतल्या माणसाला रविवारी सकाळी चर्चला किंवा देवळात जायचं असतं त्याचीही सोय बघावी लागते.

आणि मग नॅशनल गेम्स. मिळाले होते कितीतरी आधी, पुढे पुढे जात शेवटी २०२३ ला २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर या काळात झाले, ३७ वे. ४३ खेळ, त्यात आपली लगोरीही होती, मल्लखांबही, आणि महाराष्ट्र ८० सुवर्णांसह पहिला. ट्रॅक सायकलिंग दिल्लीला नेलं कारण इथे तसा ट्रॅक नाही, आणि हा निर्णय मला पटतो, पंधरा दिवसांसाठी वेलोड्रोम म्हणजे सायकलचा ट्रॅक बांधून नंतर त्यात शेळ्या चरवायच्या का? सुविधा व्यवस्थापनात हेच शिकवतात, बांधायचा खर्च एकदाच असतो पण सांभाळायचा खर्च दर महिन्याला असतो, आणि गोव्यात तर वर्षातले चार महिने पाऊस, खारा वारा, लोखंड गंजतं, छताचे पत्रे जातात, लाकडी कोर्ट फुगतं. २०१४ च्या लुसोफोनिया गेम्ससाठी, म्हणजे पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांच्या स्पर्धेसाठी, ताळगावच्या पठारावर विद्यापीठाजवळ श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियम बांधलं, तिथे आता खेळांबरोबर इफ्फी या चित्रपट महोत्सवाचे सोहळेही होतात. काही लोक यावर नाराज असतात. पण हॉल रिकामा ठेवून बिल भरत राहणं यापेक्षा भाड्याने देऊन तो पैसा बॅडमिंटनच्या पोरांवर लावला तर चांगलंच आहे, फक्त तो पैसा खरंच तिकडे जातो का हे बघणारा माणूस हवा, आणि तोच माणूस तयार करायला हा अभ्यासक्रम.

गावची गोष्ट मात्र स्टेडियमपेक्षा वेगळी. इथे भात कापलं की त्याच शेतात बांबूचे गोलपोस्ट उभे राहतात, मेरा म्हणजे शेताचे बांध थोडे सपाट करतात आणि पाऊस येईपर्यंत तेच मैदान. कुठे जमीन कोमुनिदादची म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची, कुठे देवस्थानची, कुठे खाजगी, म्हणजे मैदान वाचवायचं तर आधी जमिनीचा कागद वाचता आला पाहिजे. मी आमच्या डिचोली तालुक्यात गावच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेत बरीच वर्षं कमिटीत काम केलंय, चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकून लॉट्स काढायचे, चुन्याने लाइन मारायची, रात्री जनरेटरला डिझेल आणायला स्कूटरवर पळायचं. एका वर्षी फायनलला एका पोराचा खांदा निखळला आणि आमच्याकडे स्ट्रेचर नाही, १०८ ला फोन लावायचा तर रस्त्यावर गाड्या दोन्ही बाजूंनी लावलेल्या, अॅम्ब्युलन्स आत येणार कशी. शेवटी कुणाच्यातरी पिकअपमध्ये मागे झोपवून नेला, प्रत्येक खड्ड्याला तो ओरडत होता. ट्रॉफी पाच फुटांची होती आमची त्या वर्षी. पुढच्या वर्षी गावातलीच एक मुलगी, पुण्याला स्पोर्ट्स मॅनेजमेंट करणारी, सुट्टीत आली आणि तिने एका कागदावर मैदानाचा नकाशा काढून अॅम्ब्युलन्सची वाट, पार्किंग, पाण्याचं पिंप, लायटीची वायर कुठून जाणार हे सगळं मांडलं. अर्ध्या तासाचं काम. आम्हाला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

शिकायचं कुठे, तर गोव्यातून बरीच मुलं पुण्या-मुंबईकडे जातात, पुण्यात सिंबायोसिसचं स्कूल ऑफ स्पोर्ट्स सायन्सेस आहे, कोलकात्याच्या आयआयएसडब्ल्यूबीएम या मॅनेजमेंट संस्थेत स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकवतात, शिवाय इम्फाळचं राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ आहे. पाण्यातल्या खेळांत जायचं असेल तर घराजवळच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्स आहे, तिथे बोट चालवणं, जीव वाचवणं याचं प्रशिक्षण मिळतं आणि गोव्याच्या किनाऱ्यावर त्याला सरळ काम आहे. प्रवेश घेण्याआधी एकच गोष्ट नीट विचारून घ्यावी, इंटर्नशिप कुठे आणि किती महिन्यांची, कारण काही ठिकाणी ब्रोशरवर स्टेडियमचा फोटो असतो आणि शिकवतात ते साधं एमबीए. खेळाडू असायलाच हवं असं नाही, पण एखाद्या खेळाचं वेड हवं आणि हिशोबाचा कंटाळा नको.

नोकऱ्या क्लबात, लीगमध्ये, फेडरेशनमध्ये, सरकारच्या क्रीडा खात्यात, शाळांत, इव्हेंट कंपन्यांत, सीएसआरवाल्या संस्थांत. सुरुवातीचा पगार बहुतेक ठिकाणी बेताचाच आणि शनिवार-रविवार घरी नाही, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दुसऱ्या वर्षाला विद्यार्थ्यांना बऱ्याचदा एक प्रोजेक्ट देतात, एक मैदान निवडायचं, सात दिवस तिथे सकाळी सहा ते रात्री आठ बसायचं आणि दर तासाला मोजायचं की मैदानात कोण आहे, किती, कोणत्या वयाचे, मुली किती. आमच्या गावातल्या त्या पुण्याला शिकणाऱ्या मुलीने गावचंच मैदान निवडलं होतं. तिच्या वहीत दुपारी चार ते सहाच्या रकान्यात मुलांचे आकडे वीस-पंचवीस, मुलींच्या रकान्यात ओळीने शून्य, फक्त गुरुवारी तीन. गुरुवारी काय झालं म्हणून ती विचारत गेली तर कळलं की चेंजिंग रूमची चावी नाक्यावरच्या चहाच्या गाड्यावर असते, इतर दिवशी गाड्यावर पुरुषांची गर्दी म्हणून मुली मागायला जात नाहीत, आणि गुरुवारी गाडा बंद म्हणून मालकाने चावी शेजारच्या शिलाईवाल्या बाईंकडे ठेवली होती.