प्रत्याभरण, कार्यस्थळातील

केलेले काम व अपेक्षित काम यांतील अंतर काम करणाऱ्याला कळावे आणि पुढचे काम त्यानुसार बदलता यावे, यासाठी दिली-घेतली जाणारी माहिती. बोलण्यात ‘फीडबॅक’ हाच शब्द रूढ आहे. ‘अभिप्राय’ हा पर्यायही आढळतो. पण अभिप्राय नुसते मत असू शकतो, प्रत्याभरणाला पुढच्या कृतीशी जोड लागते.

संज्ञेचा उगम : संज्ञा अभियांत्रिकीतली असून कल्पना तिच्याहून जुनी आहे. जेम्स वॉट यांनी १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला जोडलेल्या गतिनियामकात वेग वाढला की फिरते गोळे बाहेर फेकले जात व वाफेची झडप आवळली जाई. अशा नियामकांचे गणित भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये मांडले. शब्द मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रेडिओ व टेलिफोनच्या वर्धकांमुळे (संकेत जोरकस करणाऱ्या मंडलांमुळे) रुळला.

तो माणसांच्या वर्तनाला केव्हा लागू झाला, याविषयी मतभेद आहेत. काही जण गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांच्या सायबरनेटिक्सवरील (यंत्रे व सजीव यांतील नियंत्रण आणि संदेशवहनाच्या शास्त्रावरील) १९४८ च्या ग्रंथाला श्रेय देतात. तर काही मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या १९४६ मधील अमेरिकेतील कनेक्टिकट येथील प्रशिक्षण कार्यशाळेला. तेथे निरीक्षक संध्याकाळी एकत्र बसून गटांच्या दिवसभरातील वर्तनाची चर्चा करीत. काही प्रशिक्षणार्थींनी या बैठकीला बसू देण्याची विनंती केली व लेविन यांनी ती मान्य केली. आपल्याविषयीचे निरीक्षण ऐकून एक प्रशिक्षणार्थी स्त्री तेथेच अडली. घडले ते असे नव्हते, असे म्हणत तिने आपली बाजू मांडली. पुढे या बैठकाच कार्यशाळेचा गाभा ठरल्या. शब्द यंत्रांकडून आला असला, तरी ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्यासमोर बोलण्याची आणि त्याला उत्तर देऊ देण्याची रीत इथूनच पसरली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

उसनवारीत अर्थही पालटला. अभियांत्रिकीत ‘ऋण’ प्रत्याभरण विचलन कमी करून यंत्रणा स्थिर ठेवते, ‘धन’ प्रत्याभरण ते वाढवते. कचेरीत मात्र ‘धन’ म्हणजे स्तुती व ‘ऋण’ म्हणजे टीका असे समजले जाते. खरे तर चूक वेळेवर दाखवणे हे मूळ अर्थाने सावरण्याचेच काम होय.

परिणाम : प्रत्याभरणाने काम सुधारतेच, हा समज क्लूगर व डिनिसी या संशोधकांनी आधीच्या अभ्यासांची १९९६ मध्ये जी एकत्रित पाहणी केली तिने डळमळला. त्यांनी तपासलेल्या ६०७ परिणाममूल्यांची (प्रत्याभरणाने कामात किती फरक पडला हे सांगणाऱ्या आकड्यांची) सरासरी सुधारणेकडे झुकत होती, पण एक-तृतीयांशाहून अधिक ठिकाणी काम खालावले होते. लक्ष कामावरून स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाकडे वळले की परिणाम घटतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. जनरल इलेक्ट्रिकमधील १९६५ च्या अभ्यासातही ज्या बाबींवर जास्त टीका झाली त्यांत सुधारणा कमी दिसली. पगारवाढीची आणि सुधारणेची चर्चा वेगवेगळी ठेवावी, असे संशोधकांनी सुचवले.

‘तुझे कामात लक्ष नसते’ हे वाक्य माणसाला लागते. ‘तिसऱ्या तक्त्यातली बेरीज पहिल्याशी जुळत नाही, दोन्हींत परताव्याच्या नोंदी एकाच पद्धतीने धरल्यात का?’ हे वाक्य तक्त्यापाशी थांबते आणि उत्तराला जागाही ठेवते. तेवढी जागा न मिळणे हा ऐकणाऱ्यावर अन्यायच आहे.

घेणे : अ‍ॅशफोर्ड व कमिंग्ज या संशोधकांनी १९८३ मध्ये कर्मचारी स्वतःहून प्रत्याभरण मिळवतो, या बाजूकडे लक्ष वेधले. तो थेट विचारतो किंवा इतरांच्या वागण्यावरून अंदाज बांधतो. विचारताना आपले अज्ञान उघडे पडेल ही धास्ती असते. अंदाज बांधताना ती नसते, पण अंदाज चुकू शकतो.