मायाजालाच्या शक्तीचा अर्ज परत का येतो?

ऑनलाइन रोलप्लेच्या, म्हणजे पात्र बनून पोस्ट लिहीत खेळायच्या खेळातल्या, लढतींसाठी तलवार, वेग, आगीचा गोळा अशा शक्तींचे अर्ज फारशी खळखळ न होता मंजूर होतात. इल्युजनचा, म्हणजे मायाजालाच्या शक्तीचा, अर्ज मात्र परत येतो आणि नवख्या खेळाडूला वाटतं, अर्ज तपासणाऱ्या मॉडरेटरला आपलं पात्रच आवडलं नाही. तसं नसतं. अडतं ते ठरावीक दोन-तीन ठिकाणी.

पात्रतेचं फार काही नाही. कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा तक्ता) आधी मंजूर हवी आणि शक्ती पात्राच्या पूर्वकथेत बसायला हवी.

खरी अडचण ‘परिणाम’ या रकान्यात. लोक लिहितात, ‘शत्रूला भोवती आग दिसते आणि तो घाबरून मागे सरतो.’ आग दाखवणं तुमच्या हातात. घाबरायचं की नाही, हे समोरचा खेळाडू ठरवणार. त्याच्या पात्राची कृती तुम्ही लिहिलीत की ते गॉडमॉडिंग झालं. त्याऐवजी लिहा: ‘दहा फुटांच्या वर्तुळात ज्वाळा दिसतात; धग लागत नाही, धुराचा वास येत नाही.’

ही न लागणारी धग म्हणजेच ‘सुटका’, समोरच्याला भास ओळखून त्यातून बाहेर पडायची वाट, आणि हा रकाना हमखास कोरा असतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळाचे 2014चे नियम नमुना म्हणून बघा. त्यातल्या मायनर इल्युजन या मंत्राची प्रतिमा 5 फुटी घनात मावेल एवढीच, टिकते 1 मिनिट. हात घातला तर आरपार जातो, किंवा एक ॲक्शन (पाळीतली कृती) खर्चून इन्व्हेस्टिगेशनची, म्हणजे बारकाईने तपासण्याच्या कौशल्याची, चाचणी देता येते. थेट मनावर चालणाऱ्या फँटॅझमल फोर्स या मंत्रातही समोरच्याला आधी इंटेलिजन्सची सेव्ह, म्हणजे बचावाची चाचणी, द्यावी लागते. ‘प्रबळ इच्छाशक्तीनेच सुटका’ एवढ्यावर कोणी मंजुरी देत नाही, कारण ती मोजायची कशी?

कोणाकडेच नसलेला कागद म्हणजे गुप्त नोंद. खरं काय, भास कोणता आणि तुमचं पात्र प्रत्यक्षात कुठे उभं आहे, हे चाल पोस्ट करण्याआधी मॉडरेटरला कळवायचं. नंतर ‘तो मी नव्हतोच, भास होता’ म्हटलं तर वाद ठरलेला. ही नोंद कशी देणार, हे अर्जात लिहावं लागतं. पण बऱ्याच फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाच नसतो, आणि ती नाही म्हणून अर्ज मात्र परत! हा अर्जदारावर अन्याय आहे. फॉर्म बनवणाऱ्यांनी एक ओळ वाढवावी. तोवर ‘इतर माहिती’त लिहा.

भास किती टिकणार, त्या मुदतीतही गफलत होते. ‘तीन फेऱ्या’ म्हणजे तुमच्या चालीपासून, की समोरचा भासात सापडल्यापासून? ग्रुपमध्ये विचारून घ्या आणि उत्तर अर्जातच नोंदवा, म्हणजे ऐन लढतीत भांडण नको.

परत आलेला अर्ज डिलीट करून नवा टाकू नका, आधीचे शेरे जातात आणि तपासणी पहिल्यापासून सुरू होते. त्याच अर्जात दुरुस्ती करा आणि बदललेली ओळ ठळक करा.