जाहिरातगीत

वस्तू, सेवा किंवा एखादा सार्वजनिक संदेश लोकांच्या लक्षात राहावा म्हणून रचलेले आणि चालीत बांधलेले, काही सेकंदांपासून फार तर एखाद्या मिनिटापर्यंतचे गाणे म्हणजे जाहिरातगीत. व्यवहारात त्याला ‘जिंगल’ म्हणतात. वस्तूचे नाव, तिचा एखादा गुण आणि सहज गुणगुणता येईल अशी चाल, एवढ्याच सामग्रीवर ते उभे असते. भारतात रेडिओ, चित्रपटगृह आणि दूरचित्रवाणी यांच्यामार्फत ते घरोघरी पोहोचले आणि पुष्कळदा मूळ वस्तूला मागे टाकून बोलण्यात, मुलांच्या खेळांत आणि सणाच्या शुभेच्छांत जाऊन बसले. या नोंदीत मुख्यतः भारतातील, त्यातही महाराष्ट्राशी नाते असलेल्या जाहिरातगीतांचा आणि रोजच्या जगण्यावर उमटलेल्या त्यांच्या ठशाचा विचार केला आहे.

अमेरिकेत मिनिआपोलिस येथील रेडिओ केंद्रावरून १९२६ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी ‘व्हीटीज’ या न्याहारीच्या पदार्थाचे गाणे प्रसारित झाले. ते रेडिओवरील पहिले जाहिरातगीत मानले जाते. भारतात आकाशवाणी सरकारी असल्यामुळे तिच्यावर जाहिरातींना दीर्घकाळ जागा नव्हती. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री असताना १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटगीतेही जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते श्रीलंकेतून प्रसारण करणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमीन सायानी यांनी सादर केलेली ‘बिनाका गीतमाला’ तेथून सुरू झाली. टूथपेस्टच्या नावानेच कार्यक्रम ओळखला गेल्यामुळे, राखुंडीने किंवा कडुलिंबाच्या काडीने दात घासणाऱ्या घरांतही ‘बिनाका’ हा शब्द तोंडी बसला. वस्तू विकत न घेताही तिचे नाव आपलेसे होणे ही जाहिरातीची खरी ताकद येथे प्रथम दिसली. आकाशवाणीने विविध भारती १९५७ मध्ये सुरू केली खरी, पण तिच्यावर जाहिराती आल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, आणि त्याही प्रथम मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून. आकाशवाणीच्या व्यापारी प्रसारणाचा आरंभ अशा रीतीने महाराष्ट्रातून झाला.

या माध्यमाचे बळ समजण्यासाठी त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. १९६१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता २८ टक्क्यांच्या आसपास होती. वर्तमानपत्रातील जाहिरात कितीही नेटकी असली तरी बहुसंख्यांच्या दृष्टीने ती कोरीच होती. रेडिओ मात्र चहाच्या टपरीवर, शिंप्याच्या दुकानात, गिरणगावातल्या खोलीत आणि स्वयंपाकघराच्या फळीवर वाजत असे. त्याच्याकडे पाहावे लागत नसे. भाकरी थापणाऱ्या बाईचे हात अडकलेले असले तरी कान मोकळे असत. एकच गाणे दिवसातून अनेकदा, तेही ठरावीक वेळी ऐकू येत असल्याने ते घराच्या वेळापत्रकाचाच भाग झाले. कोणत्या जाहिरातीनंतर बातम्या लागतात आणि बातम्यांनंतर शाळेला निघायचे, हा हिशेब घड्याळाशिवाय जमत असे.

रचनेच्या दृष्टीने मराठी श्रोत्याला जाहिरातगीत परके वाटले नाही. उखाण्यात जसे दोन ओळींचे यमक जुळवून त्यात पतीचे किंवा पत्नीचे नाव गुंफलेले असते, तसेच येथे वस्तूचे नाव यमकात बसवलेले असते आणि सगळा डौल त्या नावावर येऊन थांबतो. पहिली ओळ नावासाठी वाट करून देते, तिला स्वतःचा अर्थ थोडा असला तरी चालते. भोंडल्याच्या गाण्यांतली आणि बडबडगीतांतली पुनरावृत्तीही येथे उपयोगी पडते. संगीतकारापुढची खरी अडचण वेळेची असते. वीस सेकंदांत वाद्यमेळ सुरू करून, नाव दोनदा किंवा तीनदा घेऊन, ऐकणाऱ्याला पूर्णतेचा आनंद देऊन थांबायचे असते. दुसरी अडचण भाषांची. एकच चाल कायम ठेवून हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ, बंगाली अशा अनेक भाषांत शब्द बसवावे लागतात, आणि हिंदी शब्दांच्या मापाने बेतलेल्या चालीत मराठी शब्द ओढूनताणून कोंबले की ते कानाला लगेच खटकते. मराठीतील पुष्कळ भाषांतरित जाहिरातगीते यामुळेच विसरली गेली, आणि जी मुळातच मराठीत सुचली ती टिकली.

हे काम करणारे कलावंत सामान्य दर्जाचे नव्हते. वनराज भाटिया यांनी चित्रपटांना संगीत देण्याआधीपासून जाहिरातगीते केली, ए. आर. रहमान यांची उमेदवारी याच क्षेत्रात झाली, आणि मराठी भावगीते व मालिकांची शीर्षकगीते यांमुळे घराघरांत पोहोचलेले अशोक पत्की यांनीही शेकडो जाहिरातगीते बांधली. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर आलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ या राष्ट्रीय एकात्मतेच्या गीताच्या निर्मितीत सुरेश मलिक, पीयूष पांडे, लुई बँक्स आणि पत्की ही जाहिरातविश्वातलीच मंडळी होती आणि आरंभीचा स्वर पंडित भीमसेन जोशी यांचा होता. साबण आणि तेल विकण्यासाठी कमावलेले कसब देशाच्या भावनेसाठी वापरले गेले, आणि ते गीत शासकीय प्रचाराच्या कितीतरी पुढे गेले.

महाराष्ट्रातील उद्योगांपैकी विकोचे उदाहरण विशेष बोलके आहे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या या कंपनीने वज्रदंती आणि टर्मरिक या दोन उत्पादनांची गाणी चित्रपटगृहांतून आणि पुढे दूरचित्रवाणीवरून वर्षानुवर्षे जवळपास न बदलता वाजवली. इतरांनी दर हंगामाला नवी कल्पना आणली, विकोने तीच चाल ठेवली, आणि त्या सातत्यामुळेच दोन पिढ्यांना ती सारखीच पाठ झाली. टर्मरिक या क्रीमच्या गाण्यातील ‘नहीं कॉस्मेटिक’ हे शब्द केवळ यमकासाठी आलेले वाटतात, पण त्यांना व्यवहाराची बाजू होती. हे उत्पादन सौंदर्यप्रसाधन मानायचे की आयुर्वेदिक औषध, यावर उत्पादनशुल्काचा दर अवलंबून होता. या प्रश्नावर अबकारी खात्याशी कंपनीचा दीर्घ वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. शाळेच्या सहलीत बसमध्ये मुले जी ओळ ओरडून म्हणत होती, तीच कंपनीची कायदेशीर भूमिका होती, असे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

निर्माच्या गाण्याने तर धुण्याची पद्धतच बदलली. अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये सुरू केलेली ही पिवळी पावडर सर्फच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या किमतीत मिळत असे. स्वस्त वस्तू कमअस्सल असते हा ग्राहकाचा संशय घालवण्याचे काम पुड्यावरच्या पांढऱ्या झग्यातल्या मुलीने आणि ‘सबकी पसंद’ या शब्दांनी केले. गाण्यात बायकांची साधी, शेजारणीची वाटावीत अशी नावे घेतली होती, त्यामुळे पावडर वापरणे हे चारचौघींत मिसळणे ठरले. साबणाच्या वडीने कपडे घासणारी लाखो घरे पावडर भिजवून धुऊ लागली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अजूनही दुकानात ‘निरमा द्या’ म्हटले की कोणत्याही कंपनीची धुण्याची पावडर पुढे येते, जशी ‘कोलगेट’ म्हटल्यावर कोणतीही टूथपेस्ट येते.

पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज ऑटोची स्थिती निराळी होती. परवानाराजात तिच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे, त्यामुळे जाहिरातीची गरजच भासत नव्हती. जपानी तंत्रज्ञानाच्या दुचाक्या आल्यावर स्पर्धा वाढली आणि १९८९ मध्ये ‘हमारा बजाज’ हे गीत आले. त्यात स्कूटरचे इंजिन किंवा किंमत यांचा उल्लेख नव्हता. तिच्यावर बसलेली, निरनिराळ्या धर्मांची आणि वयांची कुटुंबे होती. पुढे उभे राहिलेले मूल, मागे आडवी बसलेली आई, अशा स्कूटरवर वाढलेल्या पिढीने या गीतात आपले घर पाहिले. बजाजच्या ‘चेतक’ स्कूटरचे मूळ उत्पादन थांबल्यानंतरही गीताची आठवण राहिली.

सणाशी जोडल्या गेलेल्या जाहिरातींत मराठी माणसाला सर्वांत जवळची आहे ती मोती साबणाची. मुळात टाटा ऑइल मिल्सचा असलेला हा मोठा, गोल साबण १९९३ च्या विलीनीकरणानंतर हिंदुस्थान लीव्हरकडे गेला. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल लावून, उटण्याने अंग चोळून अभ्यंगस्नान करायचे आणि डाव्या पायाच्या अंगठ्याने कारिट फोडायचे, ही रीत फार जुनी आहे आणि तिच्यात कारखान्यातल्या साबणाला स्थान नव्हते. ते स्थान जाहिरातीने मिळवले. ‘उठा उठा दिवाळी आली, मोती स्नानाची वेळ झाली’ या दोन ओळींत स्नानाचा विधी, पहाटेची घाई आणि वस्तूचे नाव इतके एकजीव झाले आहेत की त्यातून मोती वेगळा काढला तर ओळ मोडते. अलीकडच्या जाहिरातीत पहाटे शेजाऱ्यांची दारे वाजवून त्यांना उठवणारे वृद्ध गृहस्थ विद्याधर करमरकर यांनी रंगवले आणि ते ‘अलार्म काका’ म्हणूनच ओळखले गेले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही लोकांनी त्यांची आठवण याच नावाने काढली.

दसरा उलटला की किराणा दुकानाच्या काउंटरवर उटण्याच्या पुड्यांशेजारी मोती साबणाची रास लागते. वर्षभर दुसरा साबण वापरणारी कितीतरी घरे या चार दिवसांसाठी एक वडी घेतात, पाडव्यानंतर उरलेली चकती आणखी आठवडाभर पुरते आणि मग पुढच्या वर्षापर्यंत त्या वासाची भेट नसते. परदेशी राहणारी मराठी कुटुंबेही फराळाच्या डब्याबरोबर ती मागवतात. दिवाळी जवळ आली की हीच ओळ मोबाइलवरच्या शुभेच्छांत आणि विनोदांत फिरू लागते, आणि ती फिरवण्यासाठी कंपनीला काही खर्च करावा लागत नाही. या देवाणघेवाणीत जाहिरातीने सणाला जेवढे दिले त्याहून अधिक सणाकडून घेतले, असे म्हणावे लागते. तरीही ज्यांच्या बालपणीच्या दिवाळीचा वास चंदन-गुलाबाच्या त्या साबणाचा आहे, त्यांच्या आठवणीला खोटे ठरवता येणार नाही. परंपरा अशीच बाजारातल्या वस्तू सामावून घेत आली आहे, आणि फुलबाजीही कधीतरी बाजारातूनच घरात आली.

उलट दिशेनेही प्रवास होतो. २०१० मध्ये एका गाजलेल्या हिंदी चित्रपटगीतात झंडू बामचे नाव आले, तेव्हा उत्पादक कंपनीने प्रथम हरकत घेतली आणि नंतर त्याच गीतावर नाचलेल्या अभिनेत्रीला घेऊन जाहिरात केली. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला रामदास पाध्ये यांचा ससा आणि त्याचे ‘कुर्रम कुर्रम’ मुलांनी पापडापेक्षा अधिक उचलले. सार्वजनिक कामांतही हे तंत्र रुळले आहे. मध्य प्रदेशातील मंडला येथील श्याम बैरागी यांनी रचलेले कचरागाडीचे गाणे महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत सकाळी ऐकू येते आणि ते कानावर पडताच बादली घेऊन जिन्याने उतरणे ही आता सवय झाली आहे.

जाहिरातगीताचा गोडवा हीच त्याची धोक्याची बाजूही आहे. गद्यातला दावा ऐकणारा तपासून पाहतो, गाण्यातला दावा तो गुणगुणतो. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली आणि गोरेपणाशिवाय लग्न नाही, नोकरी नाही, हा समज अशा जाहिरातींनी दशकानुदशके दृढ केला. सावळ्या मुलींना घरातच ऐकावे लागणारे टोमणे या जाहिरातींनी निर्माण केले नाहीत, पण त्यांना चाल आणि चकाकी दिली, आणि हा अपराध लहान नाही. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला. मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने त्वचेच्या रंगावरून कोणालाही कमी लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. कपडे, भांडी आणि मुलांचा डबा ही कामे बाईचीच, हे गृहीतकही बहुतेक जुन्या गाण्यांच्या चालीत मुरलेले आहे.

दूरचित्रवाणीवर वाहिन्या वाढल्या आणि जाहिरातीच्या सेकंदाचे मोल चढले, तशी शब्द असलेली गीते आखूड होत गेली आणि नुसते सूर पुढे आले. टायटन घड्याळांच्या जाहिरातीतील मोत्सार्टच्या पंचविसाव्या सिंफनीचा तुकडा असंख्य भारतीय ‘टायटनची धून’ म्हणूनच ओळखतात. रहमान यांनी २००२ मध्ये एअरटेलसाठी केलेली धून लोकांनी मोबाइलच्या रिंगटोनसाठी उतरवून घेतली आणि ती रेल्वेच्या डब्यांत व सभागृहांत वाजू लागली. अशा ध्वनींना आता मालमत्तेचे स्वरूप आले आहे. आयसीआयसीआय बँकेने आपल्या धूनची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करून घेतली, आणि २०१७ च्या व्यापारचिन्ह नियमांनुसार तीस सेकंदांपर्यंतचा ध्वनी स्वरलिपीसह नोंदणीसाठी सादर करता येतो.