२००९ मध्ये जागा झालेला संगणक

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात २०१० साली घेतलेला एक संगणक आहे. सभासदांची नोंद, वर्गणीचा हिशेब आणि जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली साडेतीन हजार पुस्तकांची यादी त्यात असल्यामुळे तो कोणालाही टाकवत नाही. गेल्या आषाढात तो वारंवार अडकू लागला, म्हणून यादीची प्रत पेनड्राइव्हवर काढून घेऊन तो दुरुस्तीला दिला. दोन दिवसांनी तो ‘फॉरमॅट मारून, सगळं नवं करून’ परत आला. ग्रंथपालबाईंनी तो सुरू केला तेव्हा पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९. त्या नेटची केबल जोडणारच होत्या. मी त्यांना थोडे थांबायला सांगितले.

फॉरमॅट केलेला संगणक नवा होतो, हा आपल्याकडचा पक्का समज आहे. वेगाच्या बाबतीत तो काही अंशी खराही आहे, कारण वर्षानुवर्षे साचलेला कचरा निघून जातो. परंतु त्या कचऱ्याबरोबर वर्षानुवर्षे बसवलेल्या सुरक्षा दुरुस्त्याही, म्हणजे अपडेटही, पुसल्या जातात. आमच्या संगणकावर पुन्हा टाकलेली ‘विंडोज ७’ ही प्रणाली ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आली. तिची मूळ डिस्क ही त्या वर्षीच्या ज्ञानाची प्रत असते, आणि त्यानंतर सापडलेले प्रत्येक छिद्र त्या डिस्कवरून बसवलेल्या संगणकात पुन्हा जसेच्या तसे उघडे होते.

हे उघडे असणे धोक्याचे का, हे समजण्यासाठी दुरुस्तीचा स्वभाव पाहावा लागतो. कंपनी एखादी सुरक्षा दुरुस्ती प्रसिद्ध करते तेव्हा ती छिद्र बुजवते आणि त्याच वेळी छिद्र कोठे होते हेही जगाला कळते. दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून दोहोंतला फरक शोधला, की जाणत्या माणसाला मूळ चूक दिसू लागते. म्हणून दुरुस्ती आल्यानंतरचा काळ ती न बसवणाऱ्यासाठी आधीपेक्षा अधिक वाईट असतो. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर दोषावरची दुरुस्ती १६ जुलै २००३ रोजी दिली आणि त्याच दोषातून शिरणारा ‘ब्लास्टर’ हा कृमी, म्हणजे स्वतःहून एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणारा घातक प्रोग्राम, ११ ऑगस्टला जगभर पसरू लागला. मध्ये अवघे २६ दिवस गेले. त्या सुमारास म्हापशाच्या एका सायबर कॅफेत मी त्याचा प्रताप डोळ्यांनी पाहिला. संगणक साठ सेकंदांत बंद होणार असल्याची चौकट पडद्यावर येई, आकडे उलटे मोजले जात आणि टंकलेले सारे घेऊन यंत्र बंद पडे. चालकाने विंडोज नव्याने टाकली, दुरुस्ती उतरवून घेण्यासाठी फोनची जोडणी सुरू केली, आणि उतरणे पूर्ण होण्याआधीच ती चौकट पुन्हा आली. औषध आणायला बाहेर पडावे आणि वाटेतच आजार जडावा, तसे ते होते. कोणतीही फाइल उघडावी लागत नव्हती. जोडलेले असणे एवढेच पुरेसे होते.

आज घरोघरी राउटर आहे आणि त्याने ही परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. त्या काळी फोनच्या जोडणीवरच्या संगणकाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळत असे, त्यामुळे जगातला कोणताही संगणक त्याचे दार थेट ठोठावू शके. राउटरमागच्या संगणकांना मात्र घरापुरतेच पत्ते असतात आणि बाहेरून न मागवता आलेली हाक राउटर कोणाकडे पोहोचवायची हेच जाणत नसल्यामुळे ती तेथेच थांबते. तरीही त्याच राउटरवरचा दुसरा एखादा बाधित लॅपटॉप दाराच्या आतच असतो. मे २०१७ मधला ‘वॉनाक्राय’ हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा कृमी कार्यालयांमध्ये असाच एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर उडी मारत गेला. त्याला रोखणारी दुरुस्ती १४ मार्चलाच आलेली होती, हल्ला १२ मेचा, आणि बाधित यंत्रांपैकी बहुतेक विंडोज ७ चालवणारी होती. आमच्या वाचनालयाच्या वायफायवर संध्याकाळी अभ्यासाला येणारी पंधरा-वीस मुले आपापले लॅपटॉप जोडतात. म्हणूनच केबल हातात घेतलेल्या बाईंना मी थांबवले.

आता त्या तारखेकडे वळू. संगणक बंद असतानाही वेळ मोजणारे एक छोटे घड्याळ मदरबोर्डवर असते आणि त्याला सीआर २०३२ नावाचा, रुपयाच्या नाण्यासारखा, ३ व्होल्टचा सेल वीज पुरवतो. घड्याळाचा गाभा म्हणजे सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक. ही संख्या दोनचा पंधरावा घात असल्यामुळे ती पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक सेकंद मिळतो. सेल संपला की हे मोजणे थांबते आणि यंत्र सुरू होताना त्याच्या मूळ प्रणालीत कोरलेली आरंभीची तारीख धरून चालू लागते. मी डबा उघडला तेव्हा सेलच्या पत्र्यावर हिरवट थर चढलेला होता, जो आमच्या दमट हवेत कोठेही दिसतो. मीटर लावल्यावर काटा २ व्होल्टच्या जरा वर थांबला.

चुकीची तारीख ही केवळ गैरसोय नसते. सुरक्षित संकेतस्थळाशी बोलताना संगणक त्या स्थळाचे प्रमाणपत्र तपासतो आणि प्रमाणपत्रावर ‘या दिवसापासून या दिवसापर्यंत वैध’ असे लिहिलेले असते. २००९ मध्ये जगणाऱ्या यंत्राला या वर्षी दिलेले प्रमाणपत्र भविष्यातले वाटते आणि ते नियमाप्रमाणे नाकारते. नेट व्यवस्थित चालू असताना एकही पान उघडत नाही, आणि लोक राउटरला किंवा कंपनीला दोष देत बसतात. जुन्या संगणकावर विंडोज टाकण्यापूर्वी शंभर रुपयांच्या आतला हा सेल बदलावा आणि तारीख हाताने नीट करावी, असे मी आग्रहाने सांगेन. सेल बदलताना वीजजोडणी पूर्ण काढलेली असावी.

सेल बदलला, तारीख आजची झाली, तरी यंत्र मनाने २००९ मध्येच होते, आणि या साऱ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग येथे सुरू होतो. बाहेरून आलेली दुरुस्ती खरोखर मायक्रोसॉफ्टची आहे की कोणा भामट्याची, हे विंडोज तिच्यावरच्या डिजिटल स्वाक्षरीवरून ठरवते. स्वाक्षरी संपूर्ण फाइलवर केली जात नाही. गणिती रीतीने फाइलचा एक छोटा ठसा काढला जातो आणि त्या ठशावर स्वाक्षरी होते. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलावा आणि दोन वेगळ्या फाइलींचा ठसा सारखा असलेला कोणालाही शोधून काढता येऊ नये, ही या रीतीची अट असते. जुनी एसएचए-१ ही रीत १६० बिटांचा ठसा देते. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतील आणि गूगलमधील संशोधकांनी एकच एसएचए-१ ठसा असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइली करून दाखवल्या. त्यासाठी ९ वर १८ शून्ये इतक्या वेळा ठसे मोजावे लागले, पण ते शक्य आहे हे सिद्ध झाले. एकाच ठशाच्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम घडवता येतात असे कळल्यावर त्या रीतीच्या स्वाक्षरीवर विसंबणे धोक्याचे ठरले.

मायक्रोसॉफ्टने म्हणून २०१९ मध्ये विंडोज ७ च्या दुरुस्त्यांवर केवळ एसएचए-२ या नव्या कुळातील ठशाची स्वाक्षरी करायला सुरुवात केली आणि ऑगस्ट २०२० पर्यंत एसएचए-१ वर चालणारी अपडेटची आपली जुनी दारेही बंद केली. निर्णय योग्यच होता. मात्र मूळ डिस्कवरच्या विंडोज ७ ला ही नवी स्वाक्षरी वाचता येत नाही. ती वाचायला शिकवणारा पाठ एका दुरुस्तीतूनच येतो, आणि तो आणायला जावे तर दार उघडत नाही. आमच्या यंत्रावर सेल बदलल्यानंतर, वायफायवर दुसरे कोणी नसताना, मी मुद्दाम एकदा अपडेटचे बटण दाबून पाहिले. बराच वेळ हिरवी पट्टी सरकत राहिली आणि शेवटी ८००७२ईएफई हा संकेत आला, ज्याचा अर्थ समोरून जोडणी मध्येच तुटली असा होतो. वाचनालयातल्या मंडळींना वाटले की नेट गेले.

हा पेच सोडवण्याचा मार्ग म्हणजे दुरुस्त्या दुसऱ्या, सुस्थितीतल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग या संकेतस्थळावरून उतरवून घेणे, पेनड्राइव्हवर आणणे आणि केबल काढलेली असताना क्रमाने बसवणे. आपली विंडोज ३२ बिटांची की ६४ बिटांची हे आधी पाहून घ्यावे, कारण फाइली वेगवेगळ्या असतात. क्रमाला येथे फार महत्त्व आहे. प्रथम सर्व्हिस पॅक १, म्हणजे सुरुवातीच्या दुरुस्त्यांचा मोठा संच, बसवावा लागतो, कारण पुढचे काहीही त्याच्याशिवाय बसत नाही. त्यानंतर केबी ३०२०३६९ ही छोटी दुरुस्ती (‘केबी’ आणि पुढचा आकडा हा मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीला दिलेला क्रमांक). ती विंडोजमध्ये दुरुस्त्या बसवणाऱ्या यंत्रणेलाच सुधारते. मग केबी ३१२५५७४, ज्यात सर्व्हिस पॅकनंतर एप्रिल २०१६ पर्यंतच्या बहुतेक दुरुस्त्या एकत्र बांधलेल्या आहेत. पुढे केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ या मार्च २०१९ च्या दोन दुरुस्त्या. जुन्या विंडोजला स्वीकारता याव्यात अशा रीतीने त्या दिलेल्या होत्या आणि नवी स्वाक्षरी वाचायला त्याच शिकवतात. त्यानंतरच जानेवारी २०२० चा शेवटचा मासिक संच, केबी ४५३४३१०, आत येऊ शकतो.

ही बांधलेली गाठोडी वापरण्यामागे आणखी एक कारण आहे. विंडोज ७ च्या दुरुस्त्या अनेक वर्षे सुट्या सुट्या येत होत्या. एक दुरुस्ती दुसरीची जागा घेई, दुसरी तिसरीवर अवलंबून असे, आणि कोऱ्या यंत्राला आपल्याला नेमके काय हवे हे ठरवण्यासाठी या साऱ्या नातेसंबंधांचे जाळे स्वतः सोडवावे लागे. २ जीबी मेमरीच्या संगणकावर हे काम तासन् तास चाले. पंखा घुमत राही, पडद्यावर मात्र ‘अपडेट शोधत आहे’ एवढेच दिसे, आणि यंत्र बिघडले असे समजून कित्येकांनी ते मध्येच बंद केले असेल. ऑक्टोबर २०१६ पासून मासिक संच एकत्रित झाले, म्हणजे नव्या संचात जुने संच सामावलेले असू लागले, आणि त्या दिवसानंतरचे ओझे हलके झाले.

बसवणे सुरू असताना वीज जाऊ देऊ नये. श्रावणसरींच्या दिवसांत आमच्या गावात ती कधी जाईल याचा नेम नसतो आणि सर्व्हिस पॅक निम्म्यावर असताना ती खरोखरच गेली. विंडोजची दुरुस्ती-यंत्रणा बदलांची नोंद ठेवते आणि काम अपुरे राहिल्यास ते मागे घेऊ पाहते. वीज आल्यावर पाऊण तास ‘बदल मागे घेतले जात आहेत’ असे वाचत आम्ही चौघे बसून होतो. यंत्र वाचले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पतसंस्थेतून यूपीएस उसना आणला आणि मगच पुन्हा हात लावला.

विंडोज १० असलेल्या घरांचे काम याहून पुष्कळ सोपे आहे, कारण तिचे मासिक संच पहिल्यापासून एकत्रित आहेत आणि नव्या प्रतीचा पेनड्राइव्ह तयार करूनच ती बसवता येते. तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, ही गोष्ट मात्र तिच्या मालकांनी लक्षात घेतली पाहिजे. लिनक्सची रीत मुळातच निराळी आहे. तेथे जुन्या भागावर ठिगळ लावण्याऐवजी त्या भागाची ताजी आवृत्ती पूर्णच आणली जाते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या डिस्कवरून बसवलेले यंत्रही, त्या आवृत्तीला आधार असेपर्यंत, एका आज्ञेत आजच्या दिवसावर येऊन पोहोचते. दुरुस्त्यांच्या शिडीची तेथे गरजच पडत नाही.

आमच्या यंत्राला आम्ही सहा पायऱ्या चढवून, तीन संध्याकाळी खर्चून, जानेवारी २०२० पर्यंत आणले. त्याच्या पुढे सामान्य ग्राहकासाठी विंडोज ७ ची पायरी नाही. संस्थांना पैसे भरून मिळणारा वाढीव आधारही जानेवारी २०२३ मध्ये संपला आणि क्रोम ब्राउझरची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ ही आहे. सर्व दुरुस्त्या बसल्या म्हणजे यंत्र सुरक्षित झाले, असे मी वाचनालयाच्या समितीला सांगू शकत नव्हतो आणि तसे सांगितलेही नाही. ते २००९ पेक्षा खूप बरे आहे. पेनड्राइव्हवरून किंवा घरच्या जाळ्यातून येणारे जुने, ओळखीचे रोग त्याला आता सहज बाधणार नाहीत. बँकेचे व्यवहार, ई-मेल आणि वर्गणीचे ऑनलाइन भरणे यांसाठी ते वापरू नये, असे समितीने लेखी ठरवले.

सध्या त्यावर एकच काम चालते. जुन्या फॉन्टमधली पुस्तकांची यादी युनिकोडमध्ये उतरवून दुसऱ्या, लिनक्स घातलेल्या लॅपटॉपवर नेली जात आहे आणि नवरात्रापर्यंत अकराशे नोंदी झाल्या आहेत. नेटची केबल मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळून ठेवली आहे. डब्याच्या आतल्या बाजूला ग्रंथपालबाईंनी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर सहा दुरुस्त्यांचे आकडे क्रमाने लिहिलेले आहेत आणि खाली सेल बदलल्याची तारीख.