हप्त्याची पार्श्वभूमी: ‘कुटुंब’ या एका शब्दाचा घोळ

कोरडवाहू तालुक्यातल्या कुठल्याही तलाठी सज्जावर जा, निम्मी गर्दी एकच गाऱ्हाणं घेऊन आलेली असते: शेजाऱ्याला केंद्राच्या ‘पीएम-किसान’ योजनेचा हप्ता पडला, मला का नाही? त्याची मुळं सातबाऱ्यात आणि ‘कुटुंब’ या शब्दात आहेत.

इंग्रजी अमदानीत १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाई मिळे, म्हणजे शेतीसाठी सरकारी पैसे, पण ती उसनवारी होती. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं सरकारी मदत खताच्या आणि विजेच्या दरात मुरत राहिली. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत शेतकऱ्याचं नाव पाहून रक्कम ठरली, आणि तिथे पट्टी लागली २ हेक्टरची. ओलिताचे ५ एकर असलेला पूर्ण माफीत बसला. आठ-दहा एकर जिरायतात कापूस लावणाऱ्याला २५ टक्के सवलत, तीही बाकीचं कर्ज भरलं तर. विदर्भाच्या मनातून हे अजून गेलेलं नाही, आणि जाऊही नये.

२०१७ च्या राज्याच्या कर्जमाफीत एकरांची जागा कुटुंबाने घेतली. पती, पत्नी आणि १८ वर्षांखालची मुलं मिळून दीड लाखाची मर्यादा. अर्जात नवरा-बायको दोघांचे आधार क्रमांक भरायचे होते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राची वर्षाला ६,००० रुपयांची पीएम-किसान योजना आली, २,००० च्या तीन हप्त्यांची. सुरुवातीची २ हेक्टरची अट त्याच वर्षी गेली. कुटुंबाची व्याख्या मात्र राहिली, आणि सोबत एक तारीख आली: १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन ज्याच्या नावावर, तोच पात्र.

खरा अन्याय या तारखेने केला. जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावाशी ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची, नाव एकाचं. पुढे चुली वेगळ्या झाल्या, तोंडी वाटण्या झाल्या, मधे बांध पडले. कागद तसाच राहिला. योजना आल्यावर धाकट्यांनी धावपळ करून वाटणीचे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांचे बदल, घातले, तोवर तारीख उलटून गेली होती. नंतर नाव लागलेलं चालायचं ते फक्त वारसाने, आणि हा नियम पुढच्या ५ वर्षांसाठी होता. बापाने हयातीत वाटून दिलेल्या रानावर हप्ता नाही, बाप गेल्यावर आलेल्या रानावर आहे! ज्याने हे लिहिलं त्याने एकदा तरी वाटणीचं घर पाहायला हवं होतं.

बटईने दुसऱ्याचं रान करणारा तर यात कधी मोजलाच गेला नाही.

मग हप्ता घेतलेल्या आयकर भरणाऱ्यांना वसुलीच्या नोटिसा गेल्या, ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, आली, जमिनीची नोंद जोडण्याची सक्ती आली. बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्यांना सेवा केंद्रावर पुन्हा पुन्हा अंगठा लावावा लागला. २०२३ मध्ये राज्याने स्वतःचे आणखी ६,००० दिले, पण केंद्राच्याच यादीवरून. जो पहिल्या यादीत नव्हता, त्याचे तेव्हापासून वर्षाला १२,००० बुडतात.

१५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या शेती योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तोही सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच मिळतो.